बाईंनी बाजूला सरकवलेलं ताट

शालिनीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. खालापूरहून एसटीने कर्जत, पुढे रस्ता संपेपर्यंत टेंपो आणि मग पायी डोंगर चढून, असं करत त्या कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत दर रविवारी प्रार्थनेला येत. खांद्यावरच्या कापडी पिशवीत पवित्र शास्त्र आणि खोकल्याच्या गोळ्या असत. आम्ही पोरं गोळीसाठीच खोकायचो. बाईंना ते कळायचं, तरी गोळी मिळायची.

आज बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका चुकीबद्दल लिहिते आहे, कारण त्या चुकीनंतर बाई जशा वागल्या, त्यातून मला विश्वास कळला.

माझ्या बाबांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. दारू सुटली होती, आईला होणारी मारहाण थांबली होती. एका रविवारी बाई कळकळीने म्हणाल्या, "जुनं सोडा. नवं आजच घ्या, कुणाची वाट बघू नका."

बाई मूळच्या नगरकडच्या. आमच्याकडे 'नवं' म्हणजे नवा भात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळी वाडी मिळून देवापुढे नवं ठेवते. त्याआधी कुणी तो भात खाल्ला तर वाडीवर आजारपण येतं, असं मानतात. बाबांनी दुसऱ्याच दिवशी अर्धवट पिकलेला भात कापला, आईने शिजवला, आम्ही खाल्ला.

काका शेजारच्या घरात राहत, आजीही त्यांच्याकडेच. ते अंगणात येऊन म्हणाले, "देव बदललास, मी कायतरी बोललो का रं? पन तुज्या घासापायी माज्या पोरांना काय झालं तर? आजपासून तू मला नाय, मी तुला नाय." त्या दिवसापासून आम्हाला आजीही भेटेना.

पुढच्या रविवारी बाबांनी त्याच भाताचं ताट कौतुकाने बाईंपुढे ठेवलं. "बाई, तुमी बोललात तसं नवं घेतलं. भावाचीपन वाट नाय बघितली."

काय घडलंय ते बाईंना विचारून विचारून कळलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "भावाला सोडा असं नव्हतं हो मी सांगितलं."

"मंग आता देवापुढं नवं ठिवू?"

"नाही. पण त्यांचं होईपर्यंत थांबा. थांबणं म्हणजे पूजा नव्हे. भावाच्या जिवाला घोर नको, एवढंच."

मग बाई एकट्याच काकांच्या दारात गेल्या. "चूक माझी आहे. तुमचा शब्द मला कळला नाही, आणि विचारायचं सोडून मी शिकवत बसले."

"शिकवाया येता आन् बोली येत नाय?"

"नाही येत. तुम्ही शिकवाल?"

काका आत निघून गेले. वर्षभर ते आमच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी नवा भात घरात आला, तरी बाबा जुने तांदूळ खात थांबले. बाईही आमच्याकडे तेच जेवल्या. एका दुपारी काका कुंपणाशी आले. "आमचं झालं. खा रं आता. आन् आय बोलवतेय तुला."

बाबांनी प्रभूचे आभार मानले आणि रडत रडत घास घेतला.

काका ख्रिस्ती झाले नाहीत. बाईंनी त्यांना त्यावरून कधी टोचलं नाही. रविवारी प्रार्थना झाली की त्या काकांच्या ओट्यावर बसत आणि दोन-चार शब्द शिकून जात. नोकरीसाठी खाली उतरल्यावर मी माझी बोली लाजेपोटी टाकून दिली. ते जुनं सोडायला मला कुणी सांगितलं होतं? आज बाई ती माझ्याहून सफाईने बोलतात, आणि ऐकताना मला माझं लहानपण आठवतं.

हल्ली गुडघ्यांमुळे बाईंचं वाडीत येणं थांबलं आहे. मी हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर काका म्हणाले, "बाईंना सांग, चढवत नसंल तर डोली करून आनतो."

"काका, डोली उचलणार कोण?"

"म्होरला दांडा माजा!"

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा बाई, प्रभू आपल्याला निरोगी दीर्घायुष्य देवो आणि आपल्या गुडघ्यांत डोंगर चढण्याइतकं बळ देवो. ही प्रार्थना मी तुम्हा दोघांसाठी करते आहे.