अक्कांचं नाव माझ्या पाठीवर होतं

अक्कांना भर चौकात श्रद्धांजली वाहिली गेली, तेव्हा त्या श्रीगोंद्यात घरी भाकरी थापत होत्या.

ते माझ्यामुळे झालं.

काल सकाळी त्या खरंच गेल्या. सुनंदाअक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई.

गेल्या वर्षीच्या आमच्या सायकल राईडचे फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेत. कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांना शहरात राहायला जागा मिळावी, म्हणून नगरहून निघून आमची टीम जिल्हाभर फिरली.

त्यातला पाथर्डीचा फोटो मी आज काढून टाकला.

आमच्या टीमची एक पद्धत आहे. ज्यांच्यासाठी सायकल चालवायची, त्यांचं नाव-गाव जर्सीच्या पाठीवर छापायचं.

बाकी सगळ्यांच्या पाठीवर गेलेल्या माणसांची नावं होती. कुणाचे वडील, कुणाची मावशी.

माझं माणूस जिवंत होतं. अक्कांची केमो चालू होती.

मी त्यांना विचारलं होतं. अगदी रीतसर.

"लिही की," त्या म्हणाल्या. "शेतावर तुझ्या दिराचं नाव, घरावर सासऱ्यांचं. तुझ्या पाठीवर तरी माझं फिरू दे."

मग डोक्यावरचा स्कार्फ नीट करत म्हणाल्या, "फक्त पाथर्डीत वरून जॅकेट घाल. आईला कळता कामा नये."

पाथर्डीजवळ त्यांचं माहेर. एकुलता भाऊ आधीच गेलेला. आईला त्यांनी 'पिशवीचं ऑपरेशन झालंय' एवढंच सांगितलं होतं. रोज फोनवर खणखणीत आवाज काढून बोलायच्या. फोन ठेवला की आडव्या व्हायच्या.

एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली.

करंजीचा घाट चढून पाथर्डीत पोचलो, तेव्हा मी घामाने निथळत होते. जॅकेट मागच्या टेम्पोत होतं. टेम्पो यायचा होता.

थांबता आलं असतं. गावाबाहेर सावलीला दहा मिनिटं.

पण चौकात मंडप होता, हार होते. आयुष्यात पहिल्यांदा मी सायकलवरून न उतरता घाट चढले होते. मला ते हार हवे होते.

फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, पाठमोरे व्हा सगळे. नावं दिसू द्या."

आम्ही वळलो.

माइकवरच्या सरांना वाटलं, ही सगळी नावं दिवंगतांची. ते एकेक वाचू लागले.

"...आणि श्रीगोंद्याच्या सुनंदाताई. या सर्वांना आपण दोन मिनिटं उभं राहून..."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं.

आणि मीही मान खाली घालून उभी राहिले.

सगळा चौक गप्प झालेला. त्यात कसं बोलायचं? नंतर सरांना सांगू, असं म्हटलं. नंतर पोहे आले, चहा आला, सेल्फी आल्या.

त्या दिवशी बाजार होता. गर्दीत अक्कांची चुलतभावजय होती.

दुपारी अक्कांचा फोन आला.

"मनीषा, आई जीपमध्ये बसून निघालीय गं. ऊर बडवत. मी गेले म्हणून. फोनवर बोलले तर म्हणते, तू तिचा आवाज काढतीस, तू दुसरीच कुणीतरी हायेस."

मी रडायलाच लागले.

"रडू नको. जॅकेट एवढं जड झालं होतं का गं?"

त्यानंतर या विषयावर त्या मला रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत.

मी मागे फिरले नाही. टीम पुढे निघाली होती. मी राईड पूर्ण केली, मेडल घेतलं, तुम्ही अभिनंदन केलंत.

आई श्रीगोंद्यात पोचल्या. दारात उभी असलेली जिवंत लेक पाहिली आणि आधी तिच्या पाठीत धपाटा घातला. मग स्कार्फ ओढला.

आणि तसाच हातात धरून खाली बसल्या.

हे सगळं मला दिरांनी सांगितलं.

अक्का पुढे चेष्टा करायच्या. "अख्खा बाजार दोन मिनिटं उभा राहिला माझ्यासाठी. पुढाऱ्याला तरी मिळतं का जिवंतपणी?"

सगळे हसायचे. मीही.

आई लेकीजवळ राहिल्या, वर्षभर तिला भरवलं. लोक मला म्हणायचे, बघ, तुझ्या चुकीनं भलंच झालं. मी एकदा तसं अक्कांना म्हणून पाहिलं.

"आईसाठी मी तोवर धडधाकट होते मनीषा," त्या म्हणाल्या. "फोनवर रोज थोडा वेळ तरी मी बरी असायचे."

मी उठून चहा ठेवायला गेले.

गेल्या आठवड्यात कापूस वेचायला आला म्हणून आई चार दिवस गावी गेल्या. अक्कांनीच पाठवलं.

काल सकाळी दिरांनी आईंना फोन लावला, पण त्यांना बोलता येईना. तो माझ्या हातात दिला.

मी सांगितलं.

पलीकडे आई अगदी शांत होत्या. "मागं बी असंच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "आदी तिच्याकडं फोन दे."

"आई, अक्का खरंच..."

"दे की गं. तिचा आवाज वळकते मी आता. मागल्या बारीला चुकले."

त्या वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. यस्टीनं येतेच मी."

दुपारी आल्या. अंगणात माणसं बसलेली, तरी रडत नव्हत्या. माणसांमधून वाट काढत सरळ आत आल्या.

हातात पिशवी होती. लेकीसाठी झाडावरची सीताफळं.

अक्का, तुमच्या आई माझ्याजवळ आहेत. नीट जा.