एकदाच विचारणारी माणसं

आमच्या मोठ्या वन्सं बर्फाच्या कारखान्यात नोकरीला होत्या, असं सांगितलं की लोक आधी हसतात. पण खरंच होत्या. लाद्यांच्या गाड्या ज्या दारातून आत-बाहेर जायच्या, त्या दाराशेजारीच त्यांचं टेबल. भर उन्हाळ्यात सगळं जग घामाने निथळत असायचं आणि ह्या बाई स्वेटर घालून कामावर निघायच्या. लग्न केलं नाही. धाकट्या भावांची शिक्षणं, लग्नं, मग आम्हा भावजयांची बाळंतपणं, सगळीकडे पदर खोचून वन्सं पुढे. निवृत्त झाल्या तेव्हा म्हणाल्या, "जन्मभर माणसांनी केलेला बर्फ बघितला. आपोआप पडलेला एकदा बघायचाय." त्यांनी स्वतःसाठी काही हवंय म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. सोबतीला येशील का, असं विचारल्यावर मी दुसरा विचारच केला नाही.

तर युरोपची सहल. रोज नवं गाव, उठलं की बॅगा भरायच्या, बसमध्ये चढायचं, उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा चढायचं. बर्फाचा डोंगर सहलीच्या शेवटाकडे होता. पत्रकात ठळक अक्षरांत 'शाकाहारी जेवणाची सोय' असं छापलेलं. तरीही मी एक पिशवी भरून कोरडा खाऊ घेतला होता. वन्संना साखरेचा त्रास. गोळी घेतली की वेळेवर पोटात काहीतरी जावंच लागतं, नाहीतर हात थरथरायला लागतात.

ती पिशवी पहिल्याच दिवशी संपली. म्हणजे वन्संनी संपवली. एकट्याने खाणं त्यांच्या रक्तातच नाही. बस सुरू झाल्याबरोबर त्यांनी पिशवी उघडली आणि पुढच्या सीटवरच्यांना दिली. "घ्या हो. अहो घ्या ना, एवढंसं काय घेता?" आता बसमधले सगळे आपल्याकडचेच. आग्रह केल्यावर त्यांनी व्यवस्थित घेतलं. पिशवी शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आली तेव्हा तिच्या तळाशी चुरा होता.

"वन्सं, अहो आपण काय खायचं आता?"

"सोय आहे म्हणालेत ना? मग?"

सोय होती, पण सोय करणाऱ्यांना शाकाहारी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी भाज्यांचं सूप आलं. वाफ नाकात गेली आणि वन्संनी चमचा खाली ठेवला. ते हाडांच्या पाण्यात शिजवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्याने अगदी अभिमानाने ताट आणलं आणि पानांच्या खालून मासा डोकावला. मी त्याला 'नाही, नाही' केलं, तर तो म्हणतो, "हे मटण नाही, मासा आहे!" सॅलडवर मांसाचे कसले तरी लालसर कण, वेचून काढता न येणारे. बसमधले बाकीचे अंडं-मासे खाणारे, त्यांचं छान चाललं होतं. अडचण आम्हा दोघींचीच. आमचा मॅनेजर, डोक्यावर टोपी आणि हातात उंच धरलेली छत्री घेऊन पुढे पळणारा पन्नाशीचा गृहस्थ, दर वेळी एकच उपाय सांगायचा. "मावशी, ब्रेड आहे ना, ब्रेड खा. चला चला, बस लागली."

बस जेमतेम थांबायची. तेवढ्यात मी धावत सुटायचे, दिसेल त्या दुकानात शिरायचे, पाकिटं उलटीपालटी करायचे. अक्षरं आपली नाहीत, चित्रावरून ओळखायचं. चित्रात टोमॅटो असला तरी आत काय असेल सांगता येत नाही. रांगेत उभी राहिले की नंबर येईस्तोवर छत्री हलायला लागायची. केळी मिळाली की मला कोण आनंद व्हायचा, पण केळी वन्संना चालायची नाहीत. घरी फोन केला, तर हे म्हणाले, "अगं मग फळं खा की! तब्येतीला चांगली." मी फोन ठेवून दिला. नाहीतर परदेशातून भांडण झालं असतं.

आणि वन्सं? वन्सं हसून म्हणायच्या, "माझं काही नाही गं, मला भूकच नाही." चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चाललेला. मला राग कुणावर काढावा कळेना.

डोंगराच्या दिवशी सकाळी मी ठरवूनच उठले. हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत एक जाडसर, लाल गालांची स्वयंपाकीणबाई होती. तिला गाठलं. भाषा नाहीच. बटाटा हातात घेऊन दाखवला, पाण्यात बुडवल्याचं दाखवलं, मीठ भुरभुरल्याचं दाखवलं, गाय, कोंबडी, मासा सगळ्यांचे आवाज काढून हात हलवून 'नको' केलं. मासा कसा ओरडतो देव जाणे, पण मी तोंडाचा चंबू करून तोही केला. बाई हसून हसून बेजार. पण तिला समजलं! थोड्या वेळाने वाफाळते उकडलेले बटाटे आणि मीठ घेऊन ती स्वतः आमच्या टेबलाशी आली. मी चहा आणायला वळले होते. तिने बशी वन्संच्या पुढे धरून विचारलं. वन्संनी हात जोडल्यासारखे केले, गोड हसल्या आणि मान हलवली. नको.

बाईने मान डोलावली आणि बशी घेऊन गेली. मी चहाचे कप घेऊन येईपर्यंत शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ते बटाटे खात होते.

"वन्सं! अहो ते तुमच्यासाठी होते!"

"हो, कळलं मला."

"मग नको का म्हणालात?"

वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, पहिल्याच हाकेला हो म्हणायचं का? हावरट वाटतं. मला वाटलं विचारेल परत."

मी कपाळावर हात मारला. एवढ्या दिवसांतलं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. विमानात ताट नाकारलं ते, वाटेतल्या हॉटेलात भात आला होता तेव्हा 'नको नको' केलं ते. "वन्सं, ही माणसं परत विचारत नाहीत! त्यांच्याकडे नको म्हणजे नको!"

"काय बाई रीत," वन्सं पुटपुटल्या. "आणि तू कशाला कोंबडीसारखी ओरडत होतीस? सगळे बघत होते."

तेवढ्यात छत्री वर झाली.

डोंगराच्या पायथ्याशी पाळण्याचं स्टेशन होतं. काचेचा पाळणा दोरावरून वर जाणार. आम्ही रांगेत उभ्या होतो आणि वन्संचा हात माझ्या हातात थरथरत होता. मॅनेजरने बघितलं. "मावशी, चक्कर येत असेल तर वर नेता येणार नाही हं. वर हवा विरळ असते. खाली बसा तुम्ही, आम्ही फोटो दाखवू."

"फोटो!" मी म्हटलं. "थांबा दोन मिनिटं."

कोपऱ्यात एक खाण्याचा गाडा होता. ब्रेडमध्ये मांसाचा काप. मी काढ म्हणून खुणावलं. त्याने काप काढला आणि तोच ब्रेड पुढे केला. नको! दुसरा! कोरा! त्याने खांदे उडवले, पण नवा ब्रेड कापला, आत काकडी घातली. धावत आले, वन्संच्या हातात कोंबला. "खा. बोलू नका, खा."

त्यांनी मुकाट्याने खाल्ला. पाणी प्यायल्या. आमच्या पुढचे पाळणे भरून गेले. थोड्या वेळाने हात थांबला, चेहऱ्यावर रंग आला.

शेवटच्या पाळण्याच्या दारात मॅनेजर मोजत उभा. "एकच जागा आहे. ढग येतायत, यानंतर बंद करणार म्हणतात. मावशी, येताय तुम्ही?"

आणि वन्सं म्हणाल्या, "नको, नको. हिला जाऊ दे. ती तरुण आहे."

मॅनेजरने लगेच माझ्याकडे बघितलं. त्यालाही इथली हवा लागली होती बहुतेक. माझ्या तोंडावर आलं होतं, अहो वन्सं, असं काय करता, तुम्हीच जा. दोनदा म्हटलं असतं, तिसऱ्यांदा हात धरून आत ढकललं असतं. आयुष्यभर हेच करत आलो आम्ही दोघी. पण पोटात कालपासून काही नव्हतं, बटाटे डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि माझं डोकं फिरलं.

"बरं," मी म्हटलं, आणि पाय आत टाकला.

दार सरकायला लागलं. वन्सं तशाच उभ्या, ओठांवर ते ठेवणीतलं हसू. मग ते हसू गेलं.

"अहो थांबा!" त्या ओरडल्या. कारखान्यात गाड्या थांबवायला ओरडत असतील तशा. "थांबा! मला जायचंय! माझी सहल आहे ती!"

दार थांबलं. मी बाहेर उडी मारली, त्या आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही. काच बंद झाली आणि पाळणा ढगात शिरला.

मी बाकावर बसून राहिले. हायसं वाटलं, आणि रडूही आलं. बर्फ मलाही बघायचा होता की.

त्या खाली आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं, साडीचा काठ ओला. "पडले मी," त्या म्हणाल्या. "चांगली बसकण मारली. धुक्यात काही दिसलं नाही, पण हाताने उकरला. भुसभुशीत असतो गं, आपल्या लादीसारखा नाही. खाऊन पण बघितला."

"आणि?"

"बेचव." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू काही खाल्लंस का?"

"नाही."

त्या तरातरा गाड्याकडे निघाल्या. गाडेवाला फळी ओढून कुलूप लावत होता. वन्संनी फळीवर थाप मारली आणि दोन बोटं दाखवली. तो मान हलवायला लागला. तिकडे छत्री वर झाली होती. वन्सं हलल्या नाहीत, दोन बोटं तशीच धरून उभ्या राहिल्या.