पाणी प्यालेलं ॲसिड

बाटली नुसती उचलून आतलं सल्फ्युरिक ॲसिड किती पाणी प्यालंय ते सांगणारा माणूस भोसरीपासून चाकणपर्यंत एकच होता, आणि माझं दुर्दैव असं, की तो माझ्याच प्रयोगशाळेत होता. कुरुळीचे मामा. बारावी नापास, हुद्दा प्रयोगशाळा परिचर. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं शिकवते. पण मुलं शंका विचारायला मामांकडे जायची. उघडं ॲसिड हवेतली ओल पिऊन पातळ होतं, म्हणून मामा दिसेल त्या वस्तूवर झाकण लावत. एकदा मी जेवत असताना माझ्या डब्यावरही लावलं. ॲसिड अल्कोहोलमधून पाणी ओढून घेतं आणि इथिलीन वायू तयार होतो, हे मी अख्खा फळा भरून समीकरणांनी शिकवायचे. पातळ ॲसिडने ते का जमत नाही, हे मामा एका वाक्यात उरकत. "ज्याचं प्वाट आधीच पान्यानं भरलंय, त्यो दुसऱ्याचं पानी कशाला ओढंल?" मुलं माना डोलवायची. माझ्या तासाला ती जांभया द्यायची.

मी विभागप्रमुख होणार की नाही हे ज्या वर्षी ठरायचं होतं, त्याच वर्षी तपासणीला पाहुणे आले. प्रयोग मी दाखवणार होते. मामा म्हणाले, "म्याडम, ही बाटली हलकी लागतीय. नवी फोडू का?" मुलांसमोर म्हणाले, म्हणून मी म्हटलं, "मामा, लेबल वाचता येतं मला." चंबू तापला. वायू पोचला की ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग जायला हवा. तो काही जाईना. नुसतं अल्कोहोलच वाफ होऊन पलीकडे चाललं होतं. पाहुण्यांनी लिहायला पेन काढलं. तेवढ्यात मामांनी नव्या बाटलीतलं ॲसिड घालून दुसरा चंबू शेजारी मांडला. "सायेब, ह्यो पातळ ॲसिडचा झाला. आता म्याडम घट्टाचा दावत्यात. दोन्ही शेजारी बघितल्याबिगर पोरांना फरक कळत न्हाई, असं म्याडमचं म्हननं हाय." दुसऱ्या चंबूचे बुडबुडे आले आणि रंग गेला. पाहुण्यांनी शेऱ्यात माझ्या तुलनात्मक पद्धतीचं कौतुक केलं. मी प्रमुख झाले. मामांचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

गेल्या मे महिन्यात मामा निवृत्त झाले. निरोपाला मी खरं काय ते सांगायचंच ठरवून उभी राहिले. पण सुट्टी असूनही मुलं आली होती, आणि सगळी मामांना खेटून बसली होती. माझ्या तोंडून मामांच्या वक्तशीरपणाचं कौतुक निघालं. चाकणच्या ट्रॅफिकमधून मामा एकदाही वेळेवर पोचले नव्हते. सगळ्यांत आधी तेच हसले, टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या.

कुरुळी तशी लांब नाही. अजून गेले नाही.