पाकिटावरची एक रेघ

ओठांत टाचण्या धरून काम करायची सवय, म्हणून तिला सगळे टाचणीताई म्हणत. कपडे लहानमोठे करून देण्याचं तिचं दुकान इमारतीच्या तळघरात होतं, अकरा पायऱ्या उतरून. सकाळी नऊला ती खाली उतरे आणि संध्याकाळी सातला वर येई. सव्वीस वर्षं हाच क्रम. बोलणं कमी. "आमच्या घरात शांतता आहे ती टाचण्यांच्या कृपेने," असं नवरा चारचौघांत म्हणे आणि तीही हसे.

पन्नाशी ओलांडली, पाळी थांबली आणि हाडं कुरकुरू लागली. कंबर धरायची, मांड्या ठणकायच्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून विचारलं, "ऊन कधी अंगावर घेता का?"

"रविवारी. कपडे वाळत घालते तेवढं," ती म्हणाली.

बाईंनी व्हिटॅमिन डीच्या जोरदार गोळ्या लिहून दिल्या. बाहेर वीसेक बायका ताटकळत होत्या. "कागदावर सगळं लिहिलंय," एवढंच त्या म्हणाल्या. टाचणीताईनेही पुढे विचारलं नाही. तिची धाकटी बहीण औषधाच्या दुकानात होती, मग डॉक्टरांना कशाला त्रास?

धाकटी अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा थोरलीने शाळा सोडून मशीन धरलं आणि धाकटीला औषधशास्त्राच्या पदविकेपर्यंत नेलं. धाकटी पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी राहिली, त्या दिवशी कोटाच्या बाह्या थोरलीनेच आखूड करून दिल्या होत्या. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी धाकटीने स्वतःची एक पद्धत काढली होती. पाकिटावर एक उभी रेघ म्हणजे दिवसाला एक गोळी. रेघेभोवती गोल असेल तर आठवड्याला एक. "कागद नाही वाचायचा, ताई, पाकीट वाचायचं," असं ती अभिमानाने सांगे.

त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती. खांद्याने कानाशी फोन दाबून धाकटी कुणाशी तरी बोलत होती. "सारख्या फेऱ्या नकोत, अख्खा डबाच ने," म्हणत तिने चार-चार गोळ्यांच्या दहा पट्ट्या दोन पाकिटांत भरल्या आणि दोन्हींवर पेनाने रेघ मारली. नुसती रेघ.

चौथ्या दिवशी पहिली पट्टी संपली तेव्हा टाचणीताईला जरा शंका आली. तिने फोन लावला.

"रोज एकच ना ग?"

"पाकिटावर काय आहे?"

"एक रेघ."

"मग झालं तर! गिऱ्हाईक आहे ताई, ठेवते."

पाचव्या आठवड्यात अन्नावरची वासना गेली. घशाला कोरड, सारखं पाणी, सारखं लघवीला. एका शर्टाच्या दोन बाह्या तिने दोन मापांच्या केल्या, जे सव्वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. चाळिसावी गोळी घेतल्यावर दोनच दिवसांत उलट्या थांबेनात आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तात कॅल्शियम भलतंच चढलं होतं. मूत्रपिंडांना झळ पोचली होती.

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चाळीस दिवसांत चाळीस? अहो, आठवड्याला एक अशा आठच घ्यायच्या होत्या! हे अंगात साठत जातं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. रोज घ्यायला कोणी सांगितलं?"

टाचणीताईने उशाशी बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. धाकटी चादर सारखी करत होती.

"मी दहादा सांगितलं होतं, आठवड्याला एक," ती म्हणाली. "हिला वाटतं, जास्त घेतलं की लवकर बरं होईल. हिचं असंच असतं, डॉक्टर."

"घरात शिकलेली बहीण असून तुम्ही असं करता?" बाई रागावल्या.

त्या दिवशी टाचणीताईच्या ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी शब्द फुटला नाही. पुढे ती एकच गोष्ट मनात घोळवत राहिली. आपलंच चुकलं का? गोल होता आणि आपल्याला दिसला नाही? घरी गेलं की आधी पाकीट बघायचं.

नवव्या दिवशी घरी येऊन तिने ड्रॉवर उघडला. आत नवा कागद अंथरलेला, बाकी लख्ख.

"तुझी बहीण गुणाची हो," नवरा कौतुकाने म्हणाला. "तू तिकडे होतीस ना, तेव्हा येऊन सगळं आवरून गेली. पिशवीभर कचरा काढला. मी बसायला सांगितलं तर चहालाही थांबली नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. आता पाकीट बघायची गरजच उरली नव्हती.

महिन्याने ती पुन्हा त्या अकरा पायऱ्या उतरू लागली, प्रत्येक पायरीवर थांबत. एका दुपारी धाकटी आली. हातात पांढरा कोट, त्याचं एक बटण तुटलेलं.

"लगेच देतेस का ग ताई?"

टाचणीताईने फळीवरून एक कागदी पाकीट काढलं आणि टेबलावर उपडं केलं. पांढरी बटणं घरंगळली. वीस गोळ्या संपल्यावर रिकामं झालेलं पहिलं पाकीट तिने दुकानात आणून बटणांना लावलं होतं. रिकामं पाकीट तिने बहिणीसमोर सपाट करून ठेवलं. निळ्या पेनाची एक उभी रेघ. भोवती काही नाही.

धाकटीने ते हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव पुढे आलं असतं तर मालकांनी मला काढलंच असतं. आणि तू आता बरी झालीस ना?"

दर तीन महिन्यांनी मूत्रपिंडाची तपासणी करायची होती. ती कुठवर, हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. टाचणीताईने बटणांतून मापाचं एक निवडलं, सुई ओवली. ती वाट बघत होती. एक शब्द पुरला असता.

धाकटीने पाकिटाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि ती पायऱ्या चढून गेली.

थोरलीने बटण लावलं, धागा दोनदा गुंडाळून गाठ मारली, कोट इस्त्री करून हँगरला अडकवला. चौथ्या दिवशी कोट न्यायला औषधाच्या दुकानातली दुसरी बाई आली.