निळीची नदी

माझ्या मुलीनं काढलेला पहिला बैल मी माझ्या हातानं पुसला. पाच वर्षांची होती ती. हे मी तिच्याखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निजामी अमलात मी जालन्याच्या मोजणी खात्यात, पैमाइश कचेरीत, जमिनीचे नकाशे काढायचो. माझी रेघ कधी हलत नसे आणि त्याचा मला भारी तोरा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीनं एका वाया गेलेल्या नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीनं बैल काढला. शिंगं कागदभर पसरलेली आणि खाली बैल शेंगेएवढा. "असा असतो का बैल? बराबर काढावं," असं म्हणून मी रबर घेतलं, तिची शिंगं पुसली आणि शाईनं माझा बैल काढला. उतरला छान. मी तो शेजारच्यांनाही दाखवून आलो. ती नुसती बघत उभी होती.

त्यानंतर तिनं पेन्सिल सोडली. कागद पुढं केला की म्हणायची, "तुम्हीच काढा दादा. तुमचं बराबर येतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागायचं. बायको म्हणाली, "दिवसभर अंगणात रेघोट्या मारायची पोरगी. आता काडीलासुद्धा हात लावत न्हाई." आपल्यामुळं हिचा हात कायमचा थांबला, या विचारानं मला कचेरीत रेघ ओढताना कसंतरी व्हायचं.

दिवाळीनंतर मी गावातल्याच मस्तगड भागात मेव्हण्याच्या कापडदुकानात गेलो. कापडाच्या थानांवर, म्हणजे ताग्यांवर, गिरणीवाले रंगीत चित्रं चिकटवत. हत्ती, वाघ, आगगाडी, हातावर पोपट घेतलेली बाई. गिऱ्हाईक कापड नेई आणि चित्र केरात जाई. मी ती चित्रं मागितली.

"काय दाजी," मेव्हणा गादीवरून हसला, "लोक थान नेतात अन् कागद फेकतात. तुम्ही उलटंच करून राह्यले! खर्चा वाचवायला माझ्या बहिणीला कागदाचं लुगडं नेसवता का काय?"

"तुमच्या भाचीसाठी हवीत. पुस्तक करायचंय."

"मंग सारीच न्या की. पोळ्याला मीच खांद्यावर घेतल्तं तिला. रंगवलेली शिंगं पार नाकाशी आल्ती, तरी खाली उतरायचं नाव न्हाई!"

मी चित्रं उचलली आणि निघालो. तिनं पाहिलं होतं तेच काढलं होतं.

घरी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. बायकोनं गोधडीच्या दोऱ्यानं जाड कागद शिवून दिले. मुलगी चित्रं चिकटवू लागली. वाघ तिनं उलटा लावला. माझे हात शिवशिवले.

"वाघ झोपलाय," तिनं सांगून टाकलं. मग पानं उलटत गोष्ट सुरू झाली. हत्ती आगगाडीत बसून पोपटवाल्या बाईकडं निघाला होता. मध्येच ती थांबली.

"इथं नदी पाहिजे. हत्तीला तहान लागली."

चित्रांत नदी नव्हती. तिनं पेन्सिल माझ्यापुढं धरली. "दादा, काढा."

मी हात पुढं केलाच होता. तेवढ्यात कपड्यांना नीळ देत बसलेली बायको म्हणाली, "हत्तीची तहान तुम्हाला काय ठाऊक? गप बसा जरासे!"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. "मला न्हाई येत ही नदी," मी म्हणालो. खरंही होतं ते. मी कागदावर उतरवायचो त्या नद्या दुसऱ्यांनी मोजून दिलेल्या असायच्या.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग उठली आणि निळीच्या वाटीत तिनं चारही बोटं बुडवली. नदी निघाली! हत्तीच्या पायाखालून, आगगाडीच्या चाकांवरून, पानाची कड ओलांडून ती फरशीवर आली आणि फरशीवरून थेट माझ्या पांढऱ्या धोतरावर चढली.

"पूर आला, दादा! पळा!"

मी खरोखर पळालो. खोलीभर पळालो. माझ्यामागं निळे हात घेऊन ती, आणि बायको पदर तोंडाला लावून हसतेय. कचेरीत माझ्या नकाशाला साहेबानं शाबासकी दिली तेव्हाही मी असा हरखलो नव्हतो.

पुढं गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर जमू लागली. हळद, काव, चुन्याची निवळी, काजळ, जे सापडेल त्यानं ती पानं रंगवायची. बोटं चालायची, चावून मऊ केलेल्या काड्या चालायच्या. मुलगी मध्ये बसून पान उलटायची आणि पोरं ओरडायची, "पुढं काय? जल्दी सांग!" मेव्हण्याकडची चित्रं संपली, तेव्हा कुणी नवी मागितलीच नाहीत. पुढची पानं तिनंच काढली. हिरवा उंट, घरापेक्षा मोठी कोंबडी, चंद्रावर वाळत घातलेलं धोतर. एकाही पानाला मी रबर लावलं नाही.

पण एक गोष्ट राहिली होती. बापानं लेकीची माफी मागायची आमच्या घरात रीत नव्हती. मी कितीदा ओट्यापर्यंत जायचो आणि पान खाण्याचं निमित्त करून परत यायचो. शेवटी एका सकाळी ती एकटीच चित्र काढत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"बाई," मी म्हणालो, "पोळ्याचा तो बैल तुझा होता आणि बिलकुल बराबर होता. मी तो पुसला. माझं चुकलं. मला माफ कर."