टाकीमामांचं दुसरं भांडं

टाकीमामांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. कुणाच्या घरी गेले तरी बोलता बोलता उठून ते भिंत ठोकून बघत. पस्तीस वर्षं पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेलेली; भाचीनं लहानपणी त्यांना टाकीमामा म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच तसं म्हणू लागले.

हीच भाची वाईन करायला शिकून आली आणि पांढऱ्या वाईनसाठी काँक्रीटची दोन भांडी ओतून दे म्हणून मामांच्या मागे लागली. उभ्या अंड्याच्या आकाराची, माणसाहून उंच. स्टीलच्या टाक्यांना काय झालं, असं मामांनी विचारलं. भाचीनं समजावलं, की स्टील चटकन तापतं आणि चटकन गार होतं. काँक्रीटच्या जाड भिंतीत रस सावकाश आंबतो, भिंतीतून किंचित हवा लागते आणि गोल पोटात तळाचा गाळ हलका फिरत राहतो, त्यानं वाईन भरीव होते.

मामा घरी येऊन मामीला म्हणाले, "जन्मभर मी भिंती बंद करत आलो. हिला श्वास घेणारी हवीय."

"मग नाही म्हणालात का?"

नाही काही ते म्हणाले नव्हते.

साच्यालाच दोन महिने लागले. गोलाई मनासारखी येईना म्हणून मामांनी एक साचा स्वतःच फोडला. भांडी ओतून झाल्यावर महिनाभर पाणी मारलं. कोरं सिमेंट वाईनमधलं आम्ल खाऊन टाकतं, म्हणून भाचीनं आतून द्राक्षांतल्याच आम्लाची तीन पुटं चढवली आणि लगेच द्राक्षं बघायला मळ्यावर निघून गेली. या पुटांचं मामांना सांगायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना राहवेना. बॅटरी घेऊन ते दुसऱ्या भांड्यात डोकावले, तर आत भिंतभर पांढुरकी, खरखरीत पापडी. टाक्यांमध्ये अशी पापडी दिसली की क्षार फुटलेत असं ते समजत. तारेचा ब्रश घेऊन ते खालच्या झाकणातून आत शिरले आणि भिंत लख्ख करून, धुऊन बाहेर आले. जिवाला बरं वाटलं, पण तासाभरापुरतंच.

रस भरला, आंबू लागला. मामा दिवसातून चार फेऱ्या मारत. भिंतीला कान लावत, तापमान विचारत, ओल शोधत. ओल कुठेच नव्हती.

काही आठवड्यांनी भाचीनं चव घेतली. पहिल्या भांड्यातली वाईन तरतरीत होती, दुसऱ्यातली सपक. आम्ल मोजलं तर बरंच उतरलेलं. ती टिपणं पुन्हा पुन्हा चाळत बसली. पुटं नीट बसली नसणार, माझीच घाई झाली, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. आपण घासून काढलेली पापडी म्हणजेच ही पुटं, हे मामांना तेव्हा उमगलं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मामीनं विचारलं, तर उष्म्यावर ढकलून मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळीच ते भाचीकडे गेले.

"ती पुटं मी घासून काढली. मला ते क्षार वाटले."

भाचीनं टिपणं मिटून बाजूला ठेवली. "मला विचारलं का नाहीस, मामा?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि मला राहवलं नसतं."

ती रागावली होती, आणि चार दिवस कामापुरतंच बोलली. पण वाईन तशीच टाकून द्यायला ती तयार नव्हती. त्या हंगामात स्टीलच्या टाकीतली वाईन फारच आंबट झाली होती. तिनं दोन्ही थोडी थोडी मिसळून बघितली, आणि सातव्या पेल्याला जमलं. वाया काही गेलं नाही, पण जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती वाईन तिला निम्मीच मिळाली.

पुढच्या हंगामाआधी तिनं मामांना बोलावलं आणि दुसऱ्या भांड्याची पुटं त्यांच्याच हातून चढवून घेतली. मामांनी तीनाची चार केली. काम संपल्यावर झाकणाचा पाना तिच्या हातात देत ते म्हणाले, "हा तुझ्याकडेच ठेव."

रस भरला त्या दिवशी ते घरीच राहिले. दाराशी बसले, उठले, चांगला चालणारा नळ खोलून पुन्हा बसवला. संध्याकाळी भाचीचा फोन आला, की आंबायला लागलंय.

"दोन्हीत?"

"दोन्हीत. ये बघायला."

मामी चहा घेऊन बाहेर आली तोवर ते कोपऱ्यावर पोचले होते.