विमलच्या म्हशीच्या घशात

प्रकाशा गावाच्या पुलावरून तापी दिसली आणि मला बसमध्येच हसू आलं. लग्नाआधी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा गॉगल लावून उसाच्या बांधावर बसले होते. कोल्हेकुई ऐकून वहीत लिहिलं होतं, ‘रानाचे मधुर संगीत!’ वेडी कुठली. परतताना शेणात घोट्यापर्यंत पाय गेला, ते मात्र लिहिलं नव्हतं.

विमल माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. तापीकाठी ऊस-केळीची शेती करते. थांब्यावर उभी होती, पण हसली नाही.

“कुमु, आधी गोठामा चाल, चहा मांगून. म्हैसनी कालदिनपासून काही खादं नही.”

गोठ्यात अर्धी गल्ली जमली होती. म्हैस मान ताणून उभी, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज घोगरा.

“गळामा उसनं कांडकं अटकी गयं,” विमल म्हणाली (उसाचा तुकडा घशात अडकलाय).

जनावर अडलं की इथे शेजाऱ्यांना बोलवावं लागत नाही. विमलने कोपरापर्यंत हात म्हशीच्या घशात घातला. शेजारच्या रेखाने तान्हं बाळ जावेकडे दिलं, म्हशीची जीभ धरली आणि तेल ओतलं. मी तरी मागे कशी राहीन? भाकरीचा तुकडा म्हशीच्या ओठांत कोंबला आणि लाळेची बोटं पदराला पुसली.

कांडकं काही सापडेना.

जनावरांचे डॉक्टर आले ते दारातच थबकले. “हात काढा आधी! मागे सरा. हिला काही चावलं होतं का?”

“मागे उसमाथून कोल्हा उना व्हता,” विमल म्हणाली. “नाकले जरासं ओरबाडं. हळद लायी दिन्ही.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “विमलबाई, हा रेबीज दिसतोय. घशात काही अडकलेलं नाही. तिला गिळताच येत नाहीये.”

रेबीज म्हणजे पिसाळलेलं कुत्रं, एवढंच मला ठाऊक. आणि हा विषाणू कोल्ह्यातून म्हशीत आला, आता आमच्या बोटांवर!

“माणसाला झाला तर?”

“लक्षणं दिसली की उपाय नाही. त्याआधी लस घेतली तर वाचतो. नळाखाली साबणाने हात धुवा आणि लगेच निघा.”

सगळे नळाकडे धावले. विमल हलली नाही. तिच्या हातावर उसाच्या पात्यांचे ताजे ओरखडे होते.

“मी येवाव नही. हाई मरी ऱ्हायनी, नि मी सुई टोचाले जाऊ?”

मी म्हटलं, “कॉलेजात कॉलऱ्याची सुई बघून मी रांगेतच आडवी झाले, तेव्हा शेळीसारखी ओढत नेलीस ना मला?”

“तवय तू मूर्ख व्हती.”

“होतेच. आता तुझी पाळी.”

तरी बाई ढिम्म. मग रेखा म्हणाली, “काकू नही जात, तं मी बी नही.”

विमलने रेखाच्या जावेच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं आणि कडाडली, “तुना पोऱ्या एवढासा, नि तू मन्ही बरोबरी करस? चाल!”

तिने हात धुतले. मग जीप भरून आम्ही दवाखान्यात. तिथे रेखाला पुढे ढकलत विमल नर्सला म्हणाली, “हिले आधी द्या.” विमलच्या ओरखड्यांतून लाळ आत गेली असणार, म्हणून त्यांच्याभोवती वेगळं इंजेक्शन दिलं. माझी सुई दंडात कधी गेली, मला कळलंही नाही.

संध्याकाळी म्हैस गेली. खोल खड्डा खणला. विमलला म्हशीच्या कपाळाला कुंकू लावायचं होतं. डॉक्टरांनी जवळ जाऊ दिलं नाही. तिने ते लांबूनच टाकलं. मातीवर पडलं.

उरलेल्या सुया मी घरी येऊन घेतल्या. परवा विमलचा फोन आला. तिच्या आणि रेखाच्या सुया पूर्ण झाल्या, दोघी धडधाकट आहेत. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “यापुढे आधी डॉक्टरला हाक मारायची. हात नंतर.”

“नि डॉक्टर येस तवलोंग म्हैस मरी गयी तं?”

उसातला तो रोग एका म्हशीच्या तोंडातून अख्ख्या गल्लीच्या हातांवर आला, कारण गल्ली धावून आली होती. धावू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?